चौथ्या बांधीपर्यंत

पांढरा बूट, डाव्या पायाचा, लाटेवर उताणा.

देवकाबाईची म्हैस सकाळपासून उभीच आहे, बसत नाही.

'लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये. आदेशावरून.' कोणाच्या, ते उन्हानं उडून गेलं आहे.

पंपाचा वॉशर. श्यामलाल तो आणायला गोंदियाला गेला आहे.

एचएमटी धान, पेरून चोवीस दिवस, वीतभर उंच.

वारा पश्चिमेचा. अठरा जुलै २००९, आणि पाऊस नाही.

नीट सांगायचं तर म्हैस सोडून द्या, तिचा संबंध नाही. बाकीचं असं. श्यामलालच्या बायकोनं, भूमेश्वरीनं, धरणाच्या पाण्याला लागून धानाचे पऱ्हे टाकले होते. पावसाचा पत्ता नव्हता, म्हणून पाण्याजवळ जागा धरली आणि पंपानं ओल दिली. यातलीच रोपं उपटून पुढे तीन एकरांत रोवायची होती. घरात बियाण्याचा एक दाणा उरला नव्हता. पऱ्हे गेले तर यंदा धान नाही.

त्याच धरणावर बोट क्लब. बोट क्लबची एक वॉटर स्कूटर, पिवळी. ती चालवायला नेमलेला माणूस उमेंद्र, भूमेश्वरीचा दीर. नागपूरहून आलेल्या पाहुण्याला भर वाऱ्यात ती स्वतः चालवायची होती. उमेंद्र नको म्हणाला. मॅनेजर चंद्रकुमार म्हणाला, "चलाने दे यार, मालक के दोस्त हैं." पाहुण्यानं उभ्या लाटेत वळण मारलं. स्कूटर उलटली. सीटखालचं झाकण नीट लागलं नव्हतं, पोटात पाणी गेलं. पाहुणा जॅकेटमुळे तरंगत, खोकत काठाला लागला. एका बुटावर. स्कूटर लाटांनी ढकलत आणली ती बरोबर पऱ्ह्यांच्या समोर. काठापासून साठ-सत्तर हात आत, नाक वर, बाकी सगळी पाण्याखाली.

घोटा

"मुर्री से ट्रॅक्टर बुलाया है. केजव्हीलवाला. दस मिनट में खींच लेगा," चंद्रकुमार म्हणाला.

"कोठून?" भूमेश्वरी.

"यहीं से."

"यहीं म्हंजे माझ्या पऱ्ह्यातून?"

"अरे भाभी, घास ही तो है. फिर उग जाएगी."

घास. हा माणूस दोन वेळा भात खातो. चिवडा खातो, मुरमुरे खातो, सणाला पोहे खातो, आणि हे गवत आहे.

"तुझी बायको गवत वाढते काय रे ताटात?"

चंद्रकुमारनं उमेंद्रकडे बघितलं. तुझ्या घरची आहे, तूच आवर, असं बघितलं. उमेंद्र कंबरेपर्यंत ओला उभा होता. म्हणाला, "सर, तासाभरात पानी काढलं नाई तर इंजन जाते."

"तो फिर तेरी नौकरी भी जाती है."

"तुमच्या बोटीच्या घाटावर नेऊन देतो आम्ही," भूमेश्वरी म्हणाली. "पान्यातून."

"इन लहरों में? पानी में रास्ता बना है क्या?"

"आहे. खाली आमच्याच बांध्या आहेत."

होत्याच. धरण भरायच्या आधी या घराच्या नऊ बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे तुकडे, तिथे होत्या, एकीला लागून एक, घाटाच्या दिशेनं. प्रत्येकीच्या कडेला मातीचा बांध, धुरा. भूमेश्वरीनं त्या चिखलात दोन पावसाळे रोवणी केली होती. यंदा पाणी इतकं खाली गेलं होतं की धुऱ्यावर उभं राहिलं तर छातीपर्यंत यायचं, कुठे कंबरेपर्यंतच. कोणता धुरा कुठे वाकतो ते तिच्या पायांना पाठ होतं.

"पन तुझा ट्रॅक्टर पऱ्ह्याच्या कडेच्या त्या बाभळीच्या अलीकडे येनार नाई. बोल."

"माँ कसम, भाभी."

कंबर

तिघं उतरले. ती, उमेंद्र आणि क्लबचा म्हातारा चौकीदार बिसराम. ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब हवा भरून स्कूटरच्या दोन्ही बाजूंनी दोरानं बांधले, म्हणजे ती बुडायची नाही. बांधताना लाट डोक्यावरून जायची, दोर हातातून निसटायचा, पुन्हा पहिल्यापासून.

"डावीकडून पलटवा, डावीकडूनच," उमेंद्र ओरडत होता. "उलट्या बाजूनं फिरली तर उरलेलं पानी इंजनात जाईल."

"एवढी तर म्हैस बी अडत नाई," बिसराम.

"म्हैस दूध देते. हे काय देते?" भूमेश्वरी.

"उमेंद्राले पगार देते."

"गप्प राय, बुढ्या. ओढ," उमेंद्र.

पहिली बांधी. लाट उजवीकडून यायची, तिघांना धुऱ्यावरून खाली लोटायची. खाली मऊ गाळ, पाय रुतला की मांडीपर्यंत. भूमेश्वरी पुढे, दोर खांद्यावर. ती बोलत होती. पाहुण्याला बोलत होती, त्याच्या बुटाला, क्लबच्या मालकाला, वाऱ्याला, गोंदियाला जाऊन बसलेल्या नवऱ्याला. तोंडात पाणी गेलं की थुंकायची आणि जिथे वाक्य तुटलं तिथूनच पुढे.

दुसरी बांधी. इथे सासरा तूर लावायचा धुऱ्यावर. आता धुऱ्यावर शेवाळ, आणि त्यावरून ती परक्या माणसाचं खेळणं ओढून राहिली होती. कायले? पऱ्ह्यासाठी.

तिसरी.

छाती

"भाभी, डावीकडे राहजो. विहीर आहे."

चौथ्या बांधीत सासऱ्यानं खणलेली विहीर होती, तीस फूट. वरचं बांधकाम कधीच ढासळलं होतं, नुसतं तोंड उरलं होतं धुऱ्याला लागून. तिथलं पाणी पायाला गार लागतं. तेवढ्या खुणेवर ती डावीकडे सरकली आणि स्कूटरचं नाक तिनं फिरवून धरलं.

तेव्हा आवाज आला. तिनं मान वळवली.

ट्रॅक्टर बाभळीच्या अलीकडे होता.

पऱ्ह्यांची पट्टी काठाकाठानं लांब होती, तिसऱ्या बांधीच्या समोरपर्यंत. तिच्या टोकावरून ट्रॅक्टरची ओढायची केबल फेकली तर स्कूटर लगेच हाती लागेल, घाटापर्यंत थांबायला नको, असा चंद्रकुमारनं हिशेब केला होता. तो हातानं बोलावत होता. आने दे, आने दे, और आगे. मुर्रीच्या ड्रायव्हरला ते कोणाचं आहे हे माहीत नव्हतं. तो पट्टीच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला गेला. तिथे केबलची बाजू पाण्याकडे यावी म्हणून ट्रॅक्टर फिरवला. जागा पुरली नाही. मागे घेतला, पुन्हा फिरवला.

केजव्हील म्हणजे लोखंडी पात्यांचं चाक. चिखल करायला असतं. त्यानं चिखल केला.

"अरे रोक! रोक ना, भोकण्या!" बिसराम ओरडला. वारा उलटा होता.

भूमेश्वरी बोलायची थांबली. तिनं दोर खांद्यावरून काढला. स्कूटरचं नाक धरून ती आत्ता टाळलेल्या बाजूलाच ढकलू लागली. उजवीकडे. गार पाण्याकडे.

"भाभी."

"माहीत आहे."

मागचं टोक विहिरीवर आलं. ती तिच्या बाजूच्या ट्यूबची गाठ सोडू लागली. बोटं वाकत नव्हती. उमेंद्र बघत होता. काठावर त्याचा साहेब, पाण्यात त्याची नोकरी, दोघांच्या मध्ये हिरवं होतं तिथे आता काळं.

"ओली गाठ तुझ्यानं सुटनार नाई," तो म्हणाला. "सरक."

त्यानं खिशातून पातं काढलं. आधी तिच्या बाजूचा दोर कापला, मग स्वतःच्या. बिसरामनं हात वर उचलून धरले, कोणी विचारलं तर आपण धरली नव्हती असं.

शेपटी आधी गेली. पिवळं नाक थोडा वेळ उभं राहिलं, मग मातकट दिसू लागलं, मग दिसेना. दोन्ही ट्यूब लाटेवर उडाल्या.

चिखल

"कहाँ गई?" केबलचा आकडा हातात धरून चंद्रकुमार काठावर उभा होता. "अरे, गई कहाँ?"

भूमेश्वरी धुऱ्यावरून चालत बाहेर आली. साडीतून पाणी गळत होतं. ती थेट त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"विहिरीत आहे. तीस फूट. जा, काढ. ट्रॅक्टर आहे ना तुझ्याजवळ."

"केस करूँगा! मैं केस करूँगा तुम लोगों पर!"

"कोनावर?" उमेंद्रनं मागून विचारलं. "आमच्या विहिरीवर?"

मुर्रीच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, चाकांकडे बघितलं, पात्यांना लोंबणारी रोपं बघितली. "बाई, मले सांगतलं नाई कोनी," म्हणाला. भूमेश्वरी खाली बसली आणि ज्यांची मुळं शाबूत होती ती रोपं चिखलातून उपसू लागली. बऱ्याच वेळानं तिच्या हातात एक मूठ झाली. चंद्रकुमार फोनवर बोलत होता. त्याचा पाय पट्टीच्या कोपऱ्यात होता, जिथे अजून थोडं हिरवं उरलं होतं.

"पाय काढ," ती म्हणाली.

त्यानं काढला.

२००१ मध्ये धरणाचं पाणी पहिल्यांदा त्या नऊ बांध्यांत शिरलं, तेव्हा धान कापायला अकरा दिवस बाकी होते.