कानतुटका कप

मामंजींनी होडीच्या खिडक्या बसवायला धाकटीला दिल्या. मला विचारलंसुद्धा नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या शिडाच्या होडीची एकेक फट मी भरत आलेय, आणि ही काल आलेली जाऊ! नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. हिचे संपायलाच तयार नाहीत.

नुसत्या खिडक्यांचं असतं तर मी गिळलं असतं. पण आमच्या होड्यांच्या कारखान्यातली रीत अशी की फटी भरणाऱ्याने हंगामाच्या पहिल्या फेरीला सुकाणूजवळ मामंजींच्या शेजारी बसायचं. ती जागा माझी. गुडघ्यांमुळे मामंजी फार तर हा एवढाच हंगाम होडी नेतील, आणि त्यांच्याशेजारी ही बसणार? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

धाकटी सामानाच्या फळीसमोर उभी राहून फटी भरायच्या सीलंटची एकेक नळी उलटसुलट करत होती. मी म्हटलं, त्यात बघायचंय काय? पॉलियुरेथेन घे, एकदा बसलं की जन्मात हलत नाही. तर म्हणाली, म्हणूनच नको. खिडकीचं प्लॅस्टिक उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, त्याला जरा सैल धरणारं हवं, आणि उद्या तडा गेला तर खिडकी काढताही आली पाहिजे. सिलिकॉन तिने बाजूला ठेवलं, कारण ते जिथे लागतं तिथे पुढे रंगही धरत नाही. शेवटी तिने ब्युटिलच्या चिकट टेपचं वेटोळं उचललं. चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखं दिसत होतं ते. मामंजी मान डोलावत होते. माझ्या कामावर त्यांनी कधी मान डोलावल्याचं मला तरी आठवत नाही.

काम झालं की आमच्याकडे पाण्याची परीक्षा असते. वरून नळीने पाणी सोडायचं आणि ज्याने फट भरली त्याने आत बरोबर त्या फटीखाली बसायचं. बाकी कुणी आत जायचं नाही. दरवर्षी मी माझ्या दोर बांधायच्या खुंटीखाली बसते आणि कोरडी ठणठणीत बाहेर येते. यंदा मात्र मी हट्टाने धाकटीसोबत आत शिरले. कशासाठी ते उघड आहे. तिची खिडकी गळताना मला याचि डोळा बघायची होती.

आमच्या ह्यांनी वरून पाणी सोडलं. खिडक्यांच्या कडांवरून माझी नजर हलत नव्हती. एक थेंब नाही. आणि मग पुढच्या टोकाच्या कप्प्यातून आवाज आला, टप. मला खरंच आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी तिला ऐकवलं की बाई गं, पाणी शिरतं एकीकडून आणि पडतं भलतीकडेच, अस्तराच्या मागून वाहत जातं. आणि कप्पा उघडला.

आत मामंजींचा कानतुटका कप होता. हरवला म्हणून आम्ही घरभर शोधला होता तो. अर्धा भरलेला, आणि आतून पाण्याच्या जुन्या रेघा, एकीवर एक.

धाकटीचा चेहरा उतरला. मी बॅटरी घेऊन ओल मागे शोधत गेले. ओल खिडकीकडे गेलीच नाही, माझ्या खुंटीपाशी गेली. खुंटी जागची हलली नव्हती, पण बोल्टांच्या डोक्याखाली मी कधी काही लावलंच नव्हतं. आणि दरवर्षी मी तिच्याच खाली कोरडी बसत होते. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून.

"हा कप इथे कुणी ठेवला?" मी विचारलं.

"मामंजींनी," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी दाखवला. म्हणाले, मोठीला कळू देऊ नकोस, तिला लागेल. आता त्यांना वाकवत नाही ना, म्हणून मी रिकामा करते."

लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी पोटात दुखलं ते वेगळ्याच गोष्टीने: माझी गळतीसुद्धा त्या दोघांची झाली होती.

वरून मामंजींनी विचारलं, काही गळतंय का. धाकटी लगेच म्हणाली, सगळं कोरडं आहे. माझ्याकडे बघत, माझ्यासाठी.

"गळतंय," मी ओरडले. "माझं गळतंय, मामंजी."

ह्यांनी वर पाणी बंद केलं.

खुंटी काढताना माझा जीव गेला. जन्मात हलणार नाही असंच लावलं होतं ना मी. पातं घालून कापलं तर डेकचा पापुद्रा सोबत आला. तो दुरुस्त केला आणि धाकटीकडे हात पुढे केला. तिने टेप दिली.

दुसऱ्या परीक्षेला मामंजी रीत मोडून आत आले. गुडघे धरत, कण्हत कप्प्यापाशी बसले. कप मध्ये ठेवला. एका बाजूला धाकटी, एका बाजूला मी. पाणी थांबलं तरी कप कोरडाच होता. मामंजींनी तो उचलला, आत बघितलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

सुकाणूजवळ कोण बसणार ते मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. धाकटी म्हणते, ताई, तुम्हीच बसा. ही कोण मला ती जागा देणारी? मी मामंजींच्या तोंडून ऐकायला थांबलेय.