रोलचे पहिले दोन क्लिक

आमच्या ह्यांना एकदा सांगितलं तर ऐकत नाहीत, आणि दहादा सांगितलं तर मुळीच ऐकत नाहीत. बडोद्याच्या अख्ख्या दांडिया बाजारात डिजिटल कॅमेरे आले, तरी आमच्या स्टुडिओत अजून फिल्मचा रोल भरणं चालूच. शेवटी मीच पदर खोचला, मुलाला डिजिटल घ्यायला लावला आणि माळ्यावरची जुन्या निगेटिव्हची पोती भंगारात द्यायला खाली काढली.

त्याच दुपारी निरुपमा आली, गंगाबाईंची मुलगी. इथल्या मराठी लग्नांत गंगाबाई पोळ्या लाटायच्या. गेल्याच महिन्यात वारल्या बिचाऱ्या.

"काकू, घरात आईचा एकही धड फोटो नाही," ती म्हणाली. "मतदार कार्डावर आहे, पण त्यात ती ओळखूच येत नाही. सुभानरावांच्या मुलीच्या लग्नात काकांनी तिचा काढला होता. मी लहान होते, पण फ्लॅश पडलेला आठवतोय मला."

तो फ्लॅश कसला, ते मला लगेच कळलं. नवा रोल भरला की सुरुवातीची फिल्म उजेड लागून जळलेली असते, म्हणून पहिले दोन क्लिक वाया घालवावेच लागतात. ते क्लिक फोटोग्राफर मंडळी आचारी, वाढपी, नाहीतर कुणी लांबची आत्याबाई असेल तिच्यावर उडवायची. फ्लॅश पडायचा, माणूस खूश व्हायचा, आणि अल्बममध्ये त्याचा पत्ताच नसायचा. आमचे हेही त्यातलेच.

मला वाटलं, आता हे काहीतरी थाप मारून पोरीला वाटेला लावतील. पण हे मान खाली घालून म्हणाले, "बेटा, तो क्लिक वाया घालवायचाच होता. तरी बघतो. फार आशा धरू नकोस."

ती गेल्यावर बसले पोती उपसत. जेवायला हाका मारल्या, आले नाहीत. मी चिडले, बडबडले, आणि मग मीही शेजारी बसून पट्ट्या उजेडात धरून बघायला लागले. संध्याकाळी ह्यांनी एक पट्टी माझ्या हातात दिली. पट्टीच्या अगदी टोकाला ती फ्रेम होती. लॅबवाल्याने ती कधी छापलीच नव्हती.

दोन दिवसांनी निरुपमा आली तेव्हा प्रिंट तयार होती. अर्धा फोटो जळून पांढराफटक, कडेला नारिंगी. उरलेल्या अर्ध्यात गंगाबाई, मनगटापर्यंत पीठ लागलेलं, एक हात त्या पांढऱ्या भागात गेलेला, पदर सारखा केलेला, तोंडभर हसू. कुणी आपला फोटो काढतंय याचा केवढा आनंद होता त्या चेहऱ्यावर! मला तर भरूनच आलं.

निरुपमाने प्रिंट दोन्ही हातांत घेतली. हे ओशाळून म्हणाले, "ही जळकी बाजू कापून टाकतो, आणि आईचा मोठा करून देतो."

"नको काका, कापू नका," ती म्हणाली. "त्या बाजूला मी उभी होते. आईने माझा हात धरलाय, बघा."