आतला कोपरा

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे काल नव्हतं."

"होतं, बाबा. जाळी जाड होती, म्हणून दिसत नव्हतं," जावई म्हणाला.

फिरत्या पाळण्याची खुर्ची ज्यावर टांगायची, तो पोलादी हात त्याने संगणकावर चौकोनांच्या जाळीत तोडला होता. चौकोन बारीक करत गेलं की ताणाचा आकडा कुठेतरी स्थिरावतो. लाल ठिपक्याच्या या काटकोनी कोपऱ्यात मात्र तो चढतच होता.

"कोपऱ्याला गोलाई द्या. मग आकडा थांबेल आणि हात टिकतो का ते कळेल."

"हात बनून आलेत. आणि अजून किती बारीक? पीठ दळायला बसलायस का? जाड जाळीचं उत्तर मर्यादेत बसतंय ना, तेच मंजुरीला पाठव."

सासऱ्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, असं सगळे धरून चालत. कारखाना वडिलांचा, अक्कल उसनी. आवाज तेवढा स्वतःचा. पण जावईही काही मोठा लागून गेला नव्हता. त्याला सगळं कळत होतं, आणि कळूनही त्याने जाड जाळीचंच उत्तर पाठवलं. अशा माणसाला घरात समंजस म्हणतात.

चाचणीला पाळणा आधी वाळूची पोती घेऊन फिरला. सासरे असे फुलले, जणू पोलाद त्यांनीच ओतलं होतं. मग अंगणात जमलेली कामगारांची मुलं खुर्च्यांकडे धावली. त्यांच्यात नातही होती.

"आजोबा, मी पहिली!"

सासऱ्यांनी तिचं मनगट पकडलं.

"तू नको, बाळा. तुला चक्कर येते."

"मला कुठे येते?"

"येते म्हटलं ना!" मग ते फिटरकडे वळून हसले. "बसवा हो तुमच्या पोरांना. लाजताय काय?"

फिटरने हौसेने धाकटीला उचलून खुर्चीत ठेवलं आणि पुढचा दांडा लावला.

जावई सासऱ्यांच्या मुठीतलं ते मनगट बघत राहिला. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं समजलं होतं. आपली लेक खालीच राहिली म्हणून त्याला आधी हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला शिसारी आली.

तो चालकाच्या केबिनमध्ये शिरला, किल्ली उपसली आणि खिशात टाकली.

"काय झालं, साहेब?" चालकाने विचारलं.

"मुलांना उतरवा," तो म्हणाला. "मी खोटं उत्तर पाठवलंय."