परवानगी नाही

सोलापूरच्या आमच्या गिरणीत १९७८ साली कॉम्प्युटर आला. मी खात्याचा साहेब, पण कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या विजयमालाबाईंनी मला साधाच पासवर्ड दिला. सगळं पुसायचा अधिकार असलेला पासवर्ड सीलबंद पाकिटात, आम्हा दोघांच्या सहीशिवाय उघडायचं नाही. मला मिरच्या झोंबल्या. महिनाभर मी बाईंशी धड बोललो नाही.

गड्ड्याच्या जत्रेला निघायच्या घाईत मी रजेची जुनी यादी पुसायला बसलो आणि यादीचं नाव टाकायलाच विसरलो. म्हणजे चार हजार कामगारांच्या हजेरीसकट सगळंच पुसायचा हुकूम! मशीननं कागदावर छापलं, 'परवानगी नाही.'

बाईंना हात जोडून म्हणालो, "वाचवलंत."

"त्यात काय, साहेब? माझाबी पासवर्ड साधाच हाय की."