तळाशी गेलेले मासे

वीजकेंद्राचं गरम पाणी तळ्यात यायचं, म्हणून ऐन हिवाळ्यातही तळं कधी गोठलं नव्हतं. तळ्यात कार्प मासे पाळायचा ओतिलियाचा धंदा त्याच उबेवर चालायचा. शरदात कोळशाचं ते केंद्र कायमचं बंद झालं आणि डिसेंबरात तळ्यावर बर्फ धरला. जाळीच्या पिंजऱ्यातले मासे खाईनात, तळाशी जाऊन पडले. मासे मेले असं समजून ओतिलियानं हाय खाल्ली. आज संध्याकाळी व्यापारी येणार होता, पिंजऱ्यांसकट सगळं कवडीमोलानं न्यायला.

तिचा धाकटा भाऊ राजनोल्ड केंद्रात बॉयलरवर होता. तोही भिंतीकडे तोंड करून कोचावर पडलेला. केंद्रातल्या बेकार कामगारांसाठीच्या मदत कार्यालयातली किंगा तिसऱ्यांदा आली होती.

"सोलरचं काम शिकवणार आहोत. भाऊ येताहेत ना?"

"आधी जेवायला तर उठू दे त्याला!"

"आणि तुमचं काय, बाई?"

"मदत कामगारांना. मी कुठं केंद्रात कामाला होते? केंद्रच माझ्याकडे कामाला होतं!"

किंगा हसली, पण तिचा चेहरा लगेच उतरला. दारात कोर्सचा पत्ता सांगून ती गेली.

ओतिलियानं पिंजऱ्यातून एक निपचित कार्प उचलून आणला आणि दर नाताळच्या सवयीनं न्हाणीच्या टबात पाणी भरून सोडला. नाताळच्या आदल्या रात्री ताटात कार्प नसेल तर तो सण कसला? मग ती स्वयंपाकघरात जाऊन मुकाट रडली. बापाच्या हातचा धंदा आपल्या हातून बुडाला, हे तिला सहन होत नव्हतं.

न्हाणीत धपाधप आवाज झाला. कोच जवळ होता, म्हणून राजनोल्डच आधी धावला.

"ओते! अगं हा जिवंत आहे! मला नखशिखांत भिजवलं यानं!"

"झोपला होता गुलाम," मागोमाग येऊन ती म्हणाली आणि टबाच्या काठावर बसली.

थंडीत कार्प तळाशी झोपतो आणि ऊब लागली की जागा होतो, हे जगातल्या सगळ्या कोळ्यांना माहीत. ऊब पाजून वाढवलेल्या या गावालाच तेवढं ठाऊक नव्हतं. तिला आपलंच हसू आलं. तिनं व्यापाऱ्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

राजनोल्ड टॉवेलनं तोंड पुसत टबाशीच उभा होता.

"ती किंगा परत कधी येणारे?"

"ती कशाला येईल? पत्ता सांगून गेलीय. तू जा."

तो टॉवेल टाकून बाहेर गेला. मग कोचाखाली वाकून बूट शोधू लागला.