रेशमावरचे चिकट ठिपके

टेपबाईकडे अक्का राहायला आल्या आणि बरोबर दहाव्या दिवशी रेशमावर पहिला ठिपका दिसला.

टेपबाई हे तिचं खरं नाव नव्हे. मापाची टेप दिवसभर गळ्यात लोंबायची, म्हणून गिऱ्हाइकांनी पाडलेलं. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी कापायचं लांब टेबल, शेजारी मशीन, कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा. अक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडावं लागलं, आणि भावाकडे आल्या त्या दोन बॅगा आणि कुंडीतलं एक बुटकं संत्र्याचं झाड घेऊन. झाडाला लिंबाएवढी हिरवी फळं लगडली होती.

"याला ऊन लागतं गं," अक्का म्हणाल्या. टेपबाईने मोठ्या मनाने खिडकीतली जागा दिली. उंच स्टुलावर कुंडी चढली आणि फांद्या टेबलावर झुकल्या.

ठिपका पडला तो एका गाणाऱ्या बाईंनी शिवायला दिलेल्या झग्याच्या कापडावर. राखाडी रेशीम, वीतभर कापायलाही हात धजू नये असं. टेपबाईने बोट लावलं तर चिकट. बोट जिभेला लावलं तर गोड.

अक्का चहात तीन चमचे साखर घ्यायच्या.

"अक्का, चहा आतच घेत जा हं. इथे कापड पसरलेलं असतं."

"मी आतच घेते की."

उत्तर सरळ होतं, पण टेपबाईला ते जरा जास्तच सरळ वाटलं. दुसऱ्या दिवशी तीन ठिपके पडले. तिसऱ्या दिवशी तिने मोजणंच सोडलं. आता तिचं अर्धं लक्ष सुईवर आणि अर्धं अक्कांच्या हातांवर. पानं पुसायच्या निमित्ताने अक्का दिवसातून दोनदा टेबलापाशी यायच्या. एकदा त्या अंघोळीला गेल्यावर टेपबाईने त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. थर्मामीटर, सुटी बटणं, चिमटा, आणि आंबटगोड गोळ्यांचं फोडलेलं पाकीट. सापडलं!

नवऱ्याला सांगितलं तर तो बुटाची लेस बांधता बांधता हसला. "अक्का? तिने उभ्या जन्मात चादरीला डाग लागू दिला नाही."

"म्हणजे डाग मी पाडते?"

"मी कुठे तसं म्हटलं?" म्हणत तो सटकला.

रविवारी अक्का जुन्या मैत्रिणीकडे जायला निघाल्या. त्यांची पाठ वळताच टेपबाईने टेबलावर पांढरा कोरा कागद अंथरला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली टेपेच्या टोकाला बांधली. कागद कोरा राहिला की झालं सिद्ध. मग संध्याकाळी काय काय बोलायचं, तेही तिने मनात जुळवून ठेवलं.

चार तासांनी दार उघडलं तर कागदभर बारीक ठिपके चमकत होते.

नवरा आत घोरत होता. किल्ली गळ्यात. मग कोण? तेवढ्यात कागदावरून एक मुंगी चालत आली. तिच्यामागे दुसरी. टेपबाईची नजर मुंग्यांमागोमाग स्टुलावर, कुंडीवर, खोडावर चढत गेली. तिने एक पान उलटं केलं. मधल्या शिरेला डाळीच्या सालीसारखे तपकिरी फुगवटे चिकटले होते. नखाने एक खरवडला. तो सुटला आणि नख ओलं झालं.

"कुलूप कशाला घातलं होतंस?"

मैत्रिणीकडून परतलेल्या अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी कागद पाहिला, किल्ली पाहिली.

"मला पकडायला," त्याच म्हणाल्या. "आणि मला वाटत होतं, तूच करतेस हे. कापड नासवायचं, माझ्या नावावर घालायचं आणि मला घालवायचं."

"माझंच रेशीम? माझ्याच हातांनी?"

"वॉर्डात मी याहून वाईट पाहिलंय." अक्कांनी चष्मा लावला, पान हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. "जिवंत आहेत गं हे. माझ्याच झाडावर. मी रोज वरून पुसत होते, खालून कधी बघितलंच नाही."

आवाजाने उठलेला नवरा झुरळं मारायचा फवारा घेऊन धावत आला.

"खबरदार!" अक्का कडाडल्या. "ही फळं पोटात जायची आहेत."

दुसऱ्या दिवशी त्या एक पान बरणीत घालून रोपवाटिकेत गेल्या आणि निदान घेऊन आल्या. खवले कीड. ती पानातला रस पिते आणि गोड चिकटा खाली गाळते. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि किडीचीच राखण करतात. उपाय सोपा, पण चिवट. स्पिरिटच्या बोळ्याने एकेक कीड काढायची, पानं साबणाच्या पातळ पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवायची. पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून हे दर आठवड्याला करायचं, निदान दीड महिना.

झाड कापडापासून दूर, मागच्या खोलीच्या उन्हाच्या खिडकीत गेलं. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत बसले. दर रविवारी अक्का बोळा आणि चिमटा घ्यायच्या, टेपबाई जुना टूथब्रश.

"ती फांदी केलीस?"

"केली."

तरी अक्का भिंग लावून ती फांदी तपासायच्या. त्या पाणी आणायला वळल्या की टेपबाई त्यांची फांदी तपासायची.

गाणाऱ्या बाईंचा झगा वेळेवर गेला. चिकटा कोमट पाण्याने निघाला, फक्त एक बाही नव्याने कापावी लागली. चौथ्या रविवारी दोघींनी अख्खं झाड पालथं घातलं, तेव्हा जेमतेम दोन किडी सापडल्या. पान पुसता पुसता टेपबाई एकदम म्हणाली, "अक्का, मी तुमचा डबा उघडला होता."

"माहीत आहे. थर्मामीटर उलटं ठेवलंस."

"मग बोलला का नाहीत?"

अक्कांनी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पिळला. "कोणत्या तोंडाने बोलू? मी तुझ्या मशीनचा खण उचकला होता. साखरपाण्याची बाटली शोधत होते."

टेपबाईला आधी राग आला. मग हसू आलं, आणि ते इतकं की ब्रश हातातून वाटीत पडला. अक्काही हसल्या, पण चिमटा काही त्यांनी सोडला नाही.

"वरचं पान धर नीट," त्या म्हणाल्या. "तिथे एक लपलीय."