चुलीमागे एक नारळ

आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळ्या गावानं वेशीबाहेर जायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मागे कुणी राहायचं नाही. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि खाडीपलीकडे झावळ्यांच्या खोपी घालून तीन रात्री काढायच्या. मग पुन्हा कौल घेऊन परत. ऐकणाऱ्याला मौज वाटते. पोरांना तर असतेच. पण उघड्यावर तीन दगड मांडून, दवानं भिजलेल्या लाकडांवर सगळ्या घराचा भात शिजवायचा म्हणजे काय, ते फुंकणी धरणारीला विचारावं.

मी सांगते ती महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची, मार्गशीर्षातली गावपळण. तिच्या आधीच्या खेपेला माझ्या सासूबाई मरता मरता वाचल्या होत्या. त्यांना दमा. घरी चूल मागच्या अंगाला, धूर कौलांतून वर जायचा आणि त्या पुढे ओट्यावर बसायच्या. खोपीत बसणार कुठे? धूर तिथेच, माणसंही तिथेच. दुसऱ्याच दिवशी त्यांचे ओठ निळे पडले. त्यांना उचलून खाडीच्या वाऱ्यावर नेऊन बसवलं तेव्हा कुठे श्वास खाली उतरला. माझ्या नवऱ्यानं, हरिश्चंद्रानं, तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या खेपेला आयेसाठी स्टोव्ह न्यायचा.

आता घरातलं सांगते. घर एक, भाऊ दोन. थोरले भिकाजी भावोजी आणि त्यांची बायको सुशीला वैनी. धाकटा माझा नवरा. भावोजींच्या मुलाचं लग्न ठरत आलं होतं आणि त्यांना घर मोकळं हवं होतं. गोठ्याला लागून एक पडवी होती, तिच्यात आम्ही जावं, असं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. पण सासरे जाताना चार माणसांसमोर बोलले होते, "आवस जित्ती आसासर चूल एकच." आई जिवंत असेतो चूल एकच, हा बापाचा शब्द मोडायची भावोजींची छाती नव्हती. देवाधर्माला भिणारा माणूस. आणि माझ्या नवऱ्याला तर वेगळं व्हायचं नावच नको होतं. आईच्या ताटाशेजारी आपलं ताट असावं, यापलीकडे त्यानं घराकडे काही मागितलंच नव्हतं. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले असं कुणी म्हणत नाही, चूल वेगळी झाली असं म्हणतात. जमीन आणि झाडं मागाहून वाटली जातात.

कौलाची तारीख कळली तसे आम्ही दोघं मालवणला गेलो. बाजारपेठेत बाळाशेटचं दुकान होतं. त्यानं फळीवरून दोन स्टोव्ह काढून पुढ्यात ठेवले. एक वातींचा, हिरव्या पत्र्याचा. दुसरा पंपाचा, पितळी, तीन पायांचा.

"खंय पेटवतल्यात? घरात?" त्यानं विचारलं.

"गावपळणीक," माझा नवरा म्हणाला.

बाळाशेट हसला. "म्हणजे देवान गावाभायर काढल्यान तरी तुमची च्याय सुटणा नाय!"

"च्यायेक नाय. भाताक. आवशीक धूर सोसणा नाय."

तेव्हा तो सरसावून बसला. "मगे नीट ऐक. वातींचो निमूट जळता. पिन नको, पंप नको, कटकट नको. पण खाडीचो वारो लागलो काय वात काजळ धरतली. तुझी आवस धुरातसून सुटतली नि काजळीत गावतली. ह्यो पंपाचो बोंबलता, पण वाऱ्याक भीक घालणा नाय."

"बैलगाडीत आडवो झालो तर?" मी विचारलं.

"भरून न्हेव नको गो बाये. टाकी रिकामी, घासलेट बाटलीत, बूच घट्ट. पाय काढून पिशवेत घाल. नायतर तांदळाक वास लागतलो नि घरातली सगळी तुका शिव्या घालतली."

"ती तशीव घालतत," मी म्हटलं.

बाळाशेट इतका हसला की रस्त्यावरचे दोघं आत डोकावले.

त्यानं दोन्ही स्टोव्ह पायरीवर, वाऱ्याच्या तोंडाला पेटवून दाखवले. वातींच्या ज्योती एका बाजूला झोपल्या आणि पिवळ्या झाल्या. पंपाचा आधी भडकला, मग माझ्या नवऱ्यानं पंप मारले तसा निळा होऊन एकसारखा भसभसायला लागला. खरं सांगायचं तर मला वातींचाच आवडला होता, गप्प जळणारा. पण काजळीचं बोलणं पटलं. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून भोवती उभा करा, असंही बाळाशेटनं सांगितलं. आम्ही पितळी स्टोव्ह घेतला. परतीच्या वाटेवर माझ्या नवऱ्यानं तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

भावोजी काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी स्टोव्ह हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बरा केलास. आयेचा बघूक व्हया."

सुशीला वैनी मला म्हणाल्या, "माका पण पेटवूक शिकय गो. ह्या फुंकणेन माझे डोळे गेले." भावोजींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी पुन्हा फुंकणी उचलली.

निघायच्या आदल्या दिवशी भावोजी म्हणाले, "हरी, ह्यो भडको आमच्या खोपीत नको हां. झावळां सुकी, आग लागात. तुमी जरा पलीकडे दुसरी खोप घाला. आये तुमच्यातच रवांदे."

माझा नवरा खूश. "दादाच्या कसा ध्यानात इला बघ."

"तेंच्या ध्यानात बरा येता सगळा," मी म्हटलं.

"तुका सगळ्यातच वाकडा दिसता."

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आग लागेल, हे तर खरंच होतं.

खाडीपलीकडे पहिल्या दिवशी स्टोव्ह पेटवला तेव्हा निम्मा गाव जमला. "हरिश्चंद्रान आगबोट हाडल्यान रे!" "बगा, सुटात रत्नागिरीक!" असं चाललं होतं. एक म्हातारी कानावर हात ठेवून लांबून बघत होती. मी भात केला, कुळथाची पिठी केली. आये पत्र्याच्या आडोशाला पाय पसरून बसल्या होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. चुलीजवळ त्या कधीच बसू शकत नव्हत्या. त्यांनी मला पिठीत मीठ किती ते सांगितलं, लसूण आणखी ठेच म्हणून सांगितलं, लग्न होऊन आल्या तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या. एकदाही खोकल्या नाहीत. माझा नवरा नारळाच्या बुंध्याला टेकून नुसता आईकडे बघत होता.

गावपळण संपायच्या दिवशी सकाळी धोंडू गुरव टोपली घेऊन खोपींमधून फिरतो. चुलीमागे एक नारळ. हे नारळ देवापुढे फुटले की गावात शिरायची मोकळीक. ज्या घरानं नारळ दिला नाही त्यानं देवाकडे पाठ केली, असं मानतात. वडाखाली मानकरी बसलेले असतात. एखादी नवी चूल असली की गुरव तिचं नाव ओरडून त्यांना सांगतो, आणि ते ऐकून घेतात. चूल वेगळी मानायला याहून जास्त लिखापढी आमच्या गावाला कधी लागली नाही.

धोंडू आधी भावोजींच्या खोपीकडे गेला, नारळ घेतला. मग आमच्याकडे येऊन टोपली पुढे धरली.

"आमचो दादान दिल्यान मां," माझा नवरा म्हणाला.

"तो थयच्या चुलीचो. ही हयची."

"ही चूल खंयची? स्टोव्ह तो. पिशवेत घालून घराक न्हेवचो."

"भात शिजलो मां ह्येच्यार?"

"शिजलो."

"मगे देवाक काय सांगू? हरिश्चंद्राचो भात वाऱ्यार शिजलो म्हणान?"

आजूबाजूची माणसं हसली. माझा नवराही हसला. मग त्यानं भावाकडे पाहिलं. धोंडूही तिकडेच पाहत होता. तो वाईट माणूस नव्हता. थोरल्या भावानं 'आमचा घर एक' एवढं म्हटलं असतं तर तो टोपली उचलून पुढे गेला असता. त्यासाठीच तो थांबला होता.

भावोजी आपल्या खोपीत गेले. बाहेर आले ते हातात नारळ घेऊन. चांगला मोठा, शेंडीचा. त्यांनी तो माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवला.

"देवाच्या नारळाक नाय म्हणू नये रे. घे. माझ्याकडचो घाल."

माझ्या नवऱ्याचे डोळे भरून आले. आपल्यापाशी जादा नारळ नाही हे दादानं ओळखलं, चार माणसांत खाली बघायला लागू दिलं नाही, असं त्याला वाटलं. मी त्याची बाही धरली.

"तेंकाच घालूक सांगा," मी हळूच म्हटलं.

"गप रव. लोक बघतत."

त्यानं नारळ कपाळाला लावला आणि टोपलीत घातला.

धोंडू वडाकडे तोंड करून ओरडला, "हरिश्चंद्राची नवी चूल! नारळ पावलो!"

मानकऱ्यांनी माना हलवल्या. एकानं तर कौतुकानं हातही वर केला. सुशीला वैनी आपल्या खोपीच्या दारात उभ्या होत्या, त्या पाठ फिरवून आत गेल्या. माझा नवरा अजून भावाचा हात धरून उभा होता.

आम्ही गावात परतलो. घरापुढच्या खळ्यात गाडी सुटली. भावोजी दारात आडवे उभे राहिले नाहीत की आवाजही चढवला नाही. त्यांनी मुलाला आमची ट्रंक उचलायला सांगितली आणि बोटानं पडवी दाखवली. मागोमाग आमची भांडी गेली, मग स्टोव्हची पिशवी.

"ह्या काय दादा?"

"नवी चूल झाली मां तुझी. देवान मानल्यान, मानकऱ्यांनी मानल्यानी. मी कोण नाय म्हणणारो?"

"बाबांनी काय सांगल्यानी होता..."

"बाबांचा बोलणा मी खंय मोडलंय? माझी चूल होती थयच आसा."

नवरा आईकडे वळला. आये ओट्याच्या पायरीवर टेकल्या होत्या. प्रवासानं दमल्या होत्या, पण श्वास मोकळा होता.

"आये, तू तरी सांग तेका."

"नारळ कोणी घातलो?" त्यांनी विचारलं.

"दादान हातात दिल्यान म्हणान..."

"घातलो कोणी?"

"मी."

"मगे मी काय सांगू?" त्या उठल्या. दाराच्या चौकटीला हात लावून, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्यासाठी कशाक घेतलंस रे तो स्टोव्ह? मी खोकान खोकान मेलंय असतंय तरी चूल एक रवली असती."

आणि त्या आत गेल्या. आत वैनींनी चूल पेटवायला घेतली होती. तीन दिवसांची थंड चूल, ओली लाकडं. धूर ओट्यापर्यंत आला. आये त्या धुरातून माजघरात गेल्या आणि खोकायला लागल्या. नवरा एक पाऊल पुढे झाला. भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि तो थांबला. आपल्याच घराच्या उंबऱ्यापाशी परक्यासारखा विचारून आत जायचं त्याला जमलं नाही. पुढेही कधी जमलं नाही.

आम्ही पडवीत आलो. गोठ्याचा वास होता, भिंतीला ओल होती. मी स्टोव्हचे पाय लावले, बाटलीतलं उरलेलं घासलेट टाकीत घातलं. मग ध्यानात आलं, तांदूळ कणगीत, आणि कणगी आत.

एवढ्यात शेजारची तुळसा आली. मनानं चांगली बाई. आमच्या खळ्यात काय बोलणं झालं ते तिला ठाऊक नव्हतं, तिनं फक्त वडाखालची हाक ऐकली होती. आमच्याकडे नवी चूल झाली की शेजारणीनं तांदूळ आणि गूळ घेऊन यायची रीत आहे. ती सूप भरून घेऊन आली होती, वर हळदकुंकू.

"बरा जमवलास गो," ती म्हणाली. "सासवेच्या तोंडातसून सुटलंस. आता तुझा राज्य."

माझा नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता. "घेव नको," तो म्हणाला.

तुळसा गोंधळली. एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. सूप तिच्या हातात तसंच. नव्या चुलीचे तांदूळ परत पाठवणं म्हणजे तिच्या घराला अपशकुन, आणि घेणं म्हणजे चूल मान्य करणं. पलीकडून खोकला ऐकू येत होता. नवऱ्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मी पदर पसरला.

तुळसानं सूप ओतलं, गुळाचा खडा माझ्या हातात दिला आणि माझी हनुवटी वर केली.

"हास तरी गो. नव्या घरात रडू नये."

मी हसले.